पाइन बदलण्याआधी टपालपेटी बदला

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. मी एका महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात तंत्रसहायक आहे. आमच्याकडे २००७ सालचा एक झिऑन सर्व्हर आहे. १ जीबी रॅम, ७३ जीबीच्या दोन डिस्क मिरर केलेल्या, सेंटओएस ५ (लिनक्सची एक आवृत्ती), मेल आणणारा-नेणारा सेंडमेल आणि मेल वाचायचा प्रोग्रॅम पाइन ४.६४. ४५ जण पुट्टीतून (दुरून सर्व्हरवर जायचा टर्मिनल प्रोग्रॅम) लॉगिन करून मेल वाचतात. काही जण त्याच यंत्रावर फोरट्रानची कामंही चालवतात. एकूण मेल १४ जीबी आहे, त्यात एका सरांचा इनबॉक्सच ९०० एमबीचा. सकाळी साडेदहाला सगळे आले की यंत्र बसतं. कुणी दुसऱ्या जागेवरून लॉगिन केलं की त्याचा आधीचा पाइन आता फक्त वाचता येईल असं सांगतो. मराठी मेल प्रश्नचिन्हांनी भरलेला दिसतो. नव्या मंडळींना मेल फोनवर हवा आहे. नवा सर्व्हर आणखी दोन वर्षं तरी मंजूर होणार नाही. पाइनच्या जागी मट घ्यावा, अल्पाइन घ्यावा, की सगळ्यांना थंडरबर्ड द्यावा?
— एक वाचक, विदर्भ

उत्तर:

नमस्कार. तुम्ही तीन नावं विचारली आहेत आणि तिन्ही चांगली आहेत. पण तुमच्या चारपैकी तीन तक्रारी वाचकप्रोग्रॅम बदलून सुटणाऱ्या नाहीत. मेल ज्या पेटीत साठतो ती पेटी आधी बदला. मग प्रत्येकाने आपापल्या आवडीचा प्रोग्रॅम वापरला तरी कुणाचं काही बिघडणार नाही.

आज तुमच्याकडे प्रत्येकाचा इनबॉक्स म्हणजे एक सलग मजकूर-फाइल आहे. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. एका पत्राखाली दुसरं पत्र, आणि नवं पत्र कुठे सुरू झालं हे ओळखायची खूण म्हणजे ओळीच्या सुरुवातीला 'फ्रॉम' आणि त्यापुढे एक रिकामी जागा. (म्हणूनच इंग्रजी पत्राच्या मजकुरात एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर तिच्याआधी एक बाणासारखं चिन्ह येऊन बसतं. तो व्हायरस नाही. पोचवणाऱ्या प्रोग्रॅमने पत्र मधेच तुटू नये म्हणून लावलेली ती पाचर असते.) अशा फाइलमध्ये कितवं पत्र कुठे आहे याची सूची नसते. त्यामुळे पाइन उघडला की ९०० एमबीची फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली जाते. वरचं एखादं जुनं पत्र पुसलं की त्या जागेपासून खालचा सगळा मजकूर वर सरकवून पुन्हा लिहावा लागतो. पत्र वाचल्याची खूणसुद्धा त्याच फाइलमधल्या मथळ्यात लिहायची असल्याने, नुसतं वाचून बाहेर पडलं तरी डिस्कवर लिखाण होतं.

आता साडेदहाचा हिशेब बघा. लिनक्स अलीकडे वाचलेल्या फाइली उरलेल्या रॅममध्ये धरून ठेवतो. १ जीबीपैकी चालू कामं सोडून जेमतेम पाच-सहाशे एमबी त्यासाठी उरत असतील. वीस जणांनी वीस मोठ्या फाइली उघडल्या की एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलला रॅममधून बाहेर ढकलते आणि दोन्ही डिस्क सतत चाळणीला लागतात. इथे मट बसवलात तर तो अशी फाइल पाइनपेक्षा थोडी लवकर उघडेल कदाचित, पण वाचावी त्यालाही पूर्णच लागते. शिवाय बदल लिहिताना तो आधी तात्पुरत्या फोल्डरात प्रत करतो. ती जागा अपुरी असेल तर ऐन बंद करताना अडकतो.

फक्त वाचता येण्याची तक्रारही पेटीचीच आहे. एका फाइलवर दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर फाइलची माती होते, म्हणून कुलूप लागतं. पाइनमागची लायब्ररी अशी वागते की नवा सत्र आला की तो जुन्याकडे कुलूप मागतो आणि जुना निमूट मागे सरतो. हे वागणं बरोबरच आहे. फोनवर मेल हवा असेल तर मात्र ते चालणार नाही, कारण फोन दिवसभर पेटी उघडून बसतो. याहून वाईट प्रसंग म्हणजे पोचवणारा प्रोग्रॅम एका प्रकारचं कुलूप लावतो आणि वाचणारा दुसऱ्याच प्रकारचं. युनिक्समध्ये कुलपाचे प्रकार तीन: शेजारी 'लॉक' शेपटाची फाइल ठेवणं, आणि प्रणालीकडून लावून घ्यायची दोन कुलपं, एफकंट्ल आणि एफलॉक. दोघांची भाषा जुळली नाही तर दोघांनाही पेटी मोकळी दिसते आणि दोन पत्रं एकमेकांत घुसतात. म्हणून एमबॉक्सवर नवा वाचक बसवताना त्याचं कुलूप सेंडमेलच्या पोचवणाऱ्याशी जुळतं का हे तपासावं लागतं. हे झेंगटच नको.

पर्याय आहे मेलडिर. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेलसाठी तो काढला. प्रत्येक पत्राची वेगळी फाइल, आणि प्रत्येक पेटीत तीन फोल्डर: टेम्प, न्यू आणि कर (म्हणजे करंट). पत्र आधी टेम्पमध्ये पूर्ण लिहिलं जातं, मग न्यूमध्ये हलवलं जातं, आणि वाचकप्रोग्रॅमने पाहिलं की करमध्ये जातं. हलवणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट पत्र कुणाला दिसत नाही आणि कुलूप लागत नाही. एक पत्र पुसणं म्हणजे एक फाइल पुसणं. वाचल्याची खूण फाइलच्या नावाच्या शेवटी लागते.

मेलडिरलाही खोडी आहेत. बारीक फाइली लाखांनी होतात. दोन ओळींचं पत्रही डिस्कवर ४ केबीचा एक ठोकळा अडवतं आणि एक आयनोड (फाइलीच्या नोंदीची जागा) खातं. ४५ जणांची सरासरी दहा हजार पत्रं धरली तरी साडेचार लाख आयनोड झाले. डिस्क अर्धी रिकामी असूनही जागा संपल्याचा निरोप येतो तो या कारणाने, म्हणून डीएफ आज्ञा आय पर्यायासह चालवून मोकळे आयनोड आधी मोजून ठेवा. दुसरं म्हणजे फाइलींच्या नावात अपूर्णविराम असतो, आणि विंडोजसाठी फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हला तो चालत नाही. बॅकअप थेट पेनड्राइव्हवर ओतू नका. टार आज्ञेने एकच गठ्ठा बांधा आणि तो न्या.

या पेटीसमोर आयमॅप सर्व्हर (मेल सर्व्हरवरच ठेवून कुठूनही वाचू देणारा प्रोग्रॅम) हवा, आणि तिथे डोव्हकॉटशिवाय दुसरं नाव सुचवावंसं वाटत नाही. तो प्रत्येक फोल्डरची सूची स्वतंत्र फाइलींत ठेवतो. यादी दाखवायला दहा हजार पत्रं उघडावी लागत नाहीत, ती सूची वाचली की झालं. पहिल्यांदा उघडताना सूची बनते तेव्हा वेळ लागेल. पुढच्या दिवसापासून ९०० एमबीवाल्या सरांनाही फरक जाणवेल. आणि एकच पेटी अल्पाइन, फोन आणि थंडरबर्ड तिघांनी एकदम उघडली तरी कुणाला बाहेर जावं लागत नाही.

आता थोडी कडू गोष्ट. हे सगळं सेंटओएस ५ वर करू नका. त्याचं आयुष्य ३१ मार्च २०१७ ला संपलं. त्यातलं ओपनएसएसएल, म्हणजे जोडणी गुप्त ठेवणारी लायब्ररी, ०.९.८ मालिकेतलं आहे, आणि टीएलएस (जोडणी गुप्त ठेवायची पद्धत) १.२ ओपनएसएसएलमध्ये आलं ते १.०.१ मध्ये, २०१२ साली. टीएलएस १.० आणि १.१ हे २०२१ मध्ये औपचारिकरीत्या मोडीत निघाले. आजचा फोन तुमच्या सर्व्हरशी हात मिळवणार नाही, आणि फोनमधलं सेटिंग कितीही उलटसुलट केलं तरी नाही. फक्त ओपनएसएसएल नवं घालून चालेल का, असा मोह होतो. त्याच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम पुन्हा बांधावे लागतात आणि पुढे प्रत्येक दुरुस्ती हातानेच करावी लागते. दोन वर्षं ते सांभाळण्यापेक्षा एक शनिवार-रविवार घालून नवी प्रणाली घाला.

कुठली? प्रोसेसरच्या माहितीच्या फाइलमध्ये, म्हणजे प्रॉक फोल्डरातल्या सीपीयूइन्फोमध्ये, फ्लॅग्जच्या ओळीत 'एलएम' ही दोन अक्षरं शोधा. ती असली तर प्रोसेसर ६४ बिटांचा आहे. २००७ च्या झिऑनमध्ये बहुधा सापडतील, जरी आजवर त्यावर ३२ बिटांची प्रणाली चालत आली असली. मग सरळ ६४ बिटांची डेबियन, ही लिनक्सची दुसरी आवृत्ती, घ्या. ती नसली तर डेबियन १२ हाच शेवटचा थांबा, कारण डेबियन १३ पासून ३२ बिटांच्या पीसीवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे. बसवण्याआधी लाइव्ह डिस्कवरून यंत्र सुरू करून दोन्ही डिस्क दिसतात का ते बघा. जुन्या रेड कार्डांचे (डिस्क मिरर करणाऱ्या कार्डांचे) काही ड्रायव्हर नव्या कर्नलमधून गेले आहेत आणि हे ऐन रविवारी कळलं तर पंचाईत होईल.

रॅमही वाढवा. ४ जीबी झाली तरी हा सर्व्हर वेगळाच वाटेल. जुनी ईसीसी रॅम लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या सर्व्हरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे स्वस्तात मिळते. मात्र त्या काळातल्या झिऑन यंत्रांत पुष्कळदा एफबी-डिम या खास रॅमपट्ट्या लागतात. त्या आणि साध्या रजिस्टर्ड डीडीआर-२ डिम दोन्ही २४० पिनांच्या, दिसायलाही जुळ्या, पण खाच वेगळ्या जागी. आतली एक पट्टी काढून सोबत न्या; दुकानदाराच्या 'चालेल हो'वर जाऊ नका.

मेल आणणारा-नेणारा प्रोग्रॅम: सेंडमेलची मांडणी येणारा माणूस तुमच्याकडे असेल तर सेंडमेल ठेवायला हरकत नाही. पण पत्रावरून तसं वाटत नाही. पोस्टफिक्स घ्या. त्याची मेन-सीएफ फाइल एका बैठकीत वाचून समजते. एक्झिमही तितकाच समर्थ आहे, पण ज्याला पहिल्यांदाच हात घालायचा आहे त्याने पोस्टफिक्सपासून सुरुवात करावी. यात चुका कुठे होतात ते सांगतो.

पोस्टफिक्सला मेल मेलडिरमध्ये टाकायला सांगण्याची ओळ होम-मेलबॉक्स. तिच्यासमोर मेलडिर लिहून शेवटी तिरकी रेघ द्यावी लागते. रेघ विसरली की पोस्टफिक्स त्याच नावाची एमबॉक्स फाइल समजतो. आणि मेलबॉक्स-कमांड ही ओळ भरलेली असेल तर होम-मेलबॉक्सकडे तो ढुंकूनही बघत नाही. डेबियनमध्ये प्रॉकमेल (आलेला मेल नियमांप्रमाणे वाटणारा प्रोग्रॅम) असेल तर ती ओळ आपोआप भरलेली सापडते. मेल अजून जुन्याच जागी पडतोय म्हणून तासभर डोकं धरून बसायची पाळी इथे येते. तुमच्यासाठी मी होम-मेलबॉक्सच्या वाटेने न जाता मेलबॉक्स-कमांडमध्येच डोव्हकॉटचा पोचवणारा, डोव्हकॉट-एलडीए, द्या म्हणेन. पत्र पोचतानाच सूची ताजी होते, आणि सिव्ह (मेल वाटण्याचे नियम लिहायची भाषा) बसवलं की लोकांना आपापले नियम लिहिता येतात. पण असं केलं की रूटच्या नावाने येणाऱ्या मेलसाठी एलियासेस फाइलमध्ये खऱ्या माणसाचं नाव घालून न्यूएलियासेस चालवणं सक्तीचं होतं. पोस्टफिक्स ती आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवत नाही, आणि मग डिस्क भरत आल्याचे क्रॉनचे (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे) इशारे भलतीकडेच अडकून बसतात.

दुसरी जागा आकारमर्यादेची. पोस्टफिक्सची मूळ संदेशमर्यादा १,०२,४०,००० बाइट. जोडलेली फाइल मेलमधून जाताना बेस-६४, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली, होऊन सुमारे ३७ टक्के फुगते, म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपासचीच फाइल जाते. '१० एमबीची परवानगी आहे ना, मग ९ एमबीची पीडीएफ का परत आली' याचं उत्तर हेच. पेटीची मर्यादा वेगळी आहे: मुळात ५,१२,००,००० बाइट. एमबॉक्सवर राहून नुसतं पोस्टफिक्स लावलं असतंत तर त्या सरांच्या ९०० एमबीच्या पेटीत एकही पत्र पडलं नसतं. बाहेरचा पोचवणारा आणि मेलडिर वापरल्यावर ती मर्यादा पूर्ण पेटीला लागत नाही, एकेका फाइलीला लागते. तरी संदेशमर्यादा वाढवलीत तर ही त्याहून मोठी ठेवा, नाहीतर पोस्टफिक्स कुरकुरतो. एकूण जागेवर अंकुश हवा असेल तर तो डोव्हकॉटच्या कोटा प्लगइनने लावा.

बाहेर जाणारा मेल या सर्व्हरने जगाला थेट पाठवू नये. महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा जो मुख्य मेल सर्व्हर असेल तो रिलेहोस्ट (मेल पुढे नेणारा मध्यस्थ) म्हणून द्या, पोर्ट ५८७ आणि पासवर्डासह. नाव चौकटी कंसात लिहा. कंस नसतील तर पोस्टफिक्स त्या नावाची एमएक्स नोंद (त्या डोमेनचा मेल कोण घेतो याची) शोधत भलत्याच दारात जातो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (पाठवणारा खरा असल्याची खूण पटवायच्या दोन पद्धती) मागतं, आणि ती जबाबदारी मुख्य सर्व्हरवाल्यांकडेच राहिलेली बरी. लोकांनी आपापल्या फॉरवर्ड फाइलींत जीमेलचे पत्ते घालून ठेवले असतील तर त्यांनाही आता आयमॅपकडे वळवा. पुढे ढकललेला मेल मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये बसत नाही. त्यातून स्पॅमही तुमच्याच नावाने पुढे जातो आणि काही दिवसांत तुमची खरी पत्रंही स्पॅममध्ये पडू लागतात.

स्पॅमची गाळणी या यंत्रावर बसवू नका. स्पॅमअसॅसिनचा प्रत्येक कामगार सहज पन्नास ते शंभर एमबी खातो आणि मुळात तो पाचपर्यंत कामगार उभे करतो. मुख्य सर्व्हरवर गाळलेला मेल आपल्याकडे येतोय ना, एवढं पक्कं करा.

डोव्हकॉटमध्ये तीन गोष्टी बदला (सेटिंगांची नावं डेबियन १२ मधल्या डोव्हकॉट २.३ ची आहेत; २.४ मध्ये त्यातली काही बदलली आहेत). पहिली, मेल-लोकेशन. डेबियनमध्ये ते मुळात एमबॉक्सचं असतं. ते मेलडिरचं करा. दुसरी, आयमॅप-लॉगिन सेवेचा सर्व्हिस-काउंट शून्य करा. मूळ मांडणीत प्रत्येक जोडणीला एक लॉगिन प्रोसेस लागते, टीएलएसच्या जोडणीत ती शेवटपर्यंत उभी राहते, आणि मूळ मर्यादा १०० ची आहे. ४५ माणसं, प्रत्येकाचा फोन, संगणक आणि थंडरबर्डच्या मूळ सेटिंगप्रमाणे पाचपर्यंत जोडण्या. शंभर केव्हाच ओलांडतात आणि शंभरानंतरच्याला काही कारण न सांगता दार बंद. शून्य केल्यावर थोड्याच प्रोसेस अनेक जोडण्या सांभाळतात. एका माणसाला एका आयपी पत्त्यावरून १० जोडण्यांची मर्यादाही आहे. ती २० केलीत तर पुरेल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि हीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. तुमच्याकडे मेलचा पासवर्ड म्हणजेच सर्व्हरवर लॉगिनचा पासवर्ड. तो ४५ फोनांत साठवला गेला की एक फोन रिक्षात राहिला तरी सर्व्हरची किल्ली बाहेर गेली. डोव्हकॉटला पासवर्डांची स्वतंत्र फाइल देता येते. माणसांची माहिती प्रणालीतूनच घ्यायची, फक्त पासवर्ड त्या फाइलीतून. फोनसाठी तो वेगळा पासवर्ड द्या. मेल वाचण्यासाठी बाहेरून फक्त पोर्ट ९९३ उघडं ठेवा, १४३ केवळ यंत्राच्या आतल्या आत, पॉप (मेल उतरवून घ्यायची जुनी पद्धत) बंदच. टीएलएसचं प्रमाणपत्र खरं लावा. स्वतःच सही केलेलं असेल तर ४५ जणांचे फोन घेऊन तुम्हालाच बसावं लागेल.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. सर्वांसाठी अल्पाइन. पाइन ज्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला तिथेच त्याचा हा धाकटा भाऊ झाला. २००७ च्या अखेरीस त्याची १.० आवृत्ती आली, परवाना मोकळा झाला आणि युनिकोड पायापासून घेतलं गेलं. कळा त्याच आहेत, त्यामुळे पंधरा वर्षं पाइन वापरणाऱ्या माणसाला काहीच नवं शिकायचं नाही. बहुवापरकर्ता यंत्रासाठी त्यात एक फार उपयोगी सोय आहे: ईटीसी फोल्डरात पाइन-कॉन्फ या फाइलीत सर्वांसाठी मूळ सेटिंग ठेवता येतात, आणि शेवटी 'फिक्स्ड' असलेल्या दुसऱ्या फाइलीतली सेटिंग वापरकर्त्याला बदलताच येत नाहीत. इनबॉक्सचा पत्ता, मेल पाठवायचा सर्व्हर आणि पत्त्यातला डोमेन या तीन ओळी त्या दुसऱ्या फाइलीत टाका. मटमध्ये सगळ्यांसाठीची फाइल आहे, पण सक्ती नाही.

मूळ अल्पाइनला मेलडिर थेट वाचता येत नाही, त्यासाठी वेगळा पॅच लागतो. त्या वाटेला जाऊ नका. अल्पाइनलाही डोव्हकॉटमार्फतच येऊ द्या. इनबॉक्सच्या पत्त्यात महिरपी कंसात लोकलहोस्ट, तिरकी रेघ, नोटीएलएस, आणि कंसाबाहेर इनबॉक्स. जोडणी यंत्राबाहेर जात नसल्याने इथे टीएलएस नसलं तरी चालतं, आणि प्रमाणपत्रावरचं नाव लोकलहोस्टशी जुळत नाही ही रोजची कटकट वाचते. उघडताना दहा-पंधरा सेकंद नुसतं थांबत असेल तर अल्पाइन आधी आरएसएच आणि एसएसएचने घुसायचा प्रयत्न करत असतो. ते दोन्ही टाइमआउट शून्य करा.

मट हा ज्यांना कळफलकावर वेग हवा आणि सेटिंग फाइल लिहायची हौस आहे अशा दोघा-चौघांसाठी. त्याला 'टनेल' सेटिंगमध्ये डोव्हकॉटच्या आयमॅप प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता दिला तर आधीच लॉगिन केलेल्या माणसाला पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. थंडरबर्ड ज्यांच्या टेबलावर स्वतःचा संगणक आहे त्यांच्यासाठी. पण तो सर्व्हरवर बसवून दुरून पडदा ओढून चालवू नका, असे चार-पाच उघडले की तुमची रॅम संपली. वेबमेल मागणारेही भेटतील. त्यासाठी वेबसर्व्हर आणि पीएचपी आलं. दोन वर्षं नाही म्हणा.

मराठीचं निदान सोपं आहे. प्रश्नचिन्हं किंवा उलट्या रेघेमागे आकडे दिसत असतील तर लोकेल (भाषा आणि वर्णसंचाचं सेटिंग) चुकलाय: सर्व्हरवर यूटीएफ-८ चा लोकेल तयार करा आणि पुट्टीतही वर्णसंच यूटीएफ-८ निवडा. रिकामे चौकोन दिसले तर लोकेल ठीक, वाचणाऱ्याच्या संगणकावर त्या टर्मिनलला देवनागरी फॉन्ट नाही. अक्षरं दिसतात पण वेलांटी भलत्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी, तर दोष टर्मिनलचा. पुट्टीत हे पुरतं सुधारत नाही, एमएलटर्म किंवा कन्सोल हे टर्मिनल त्या मानाने बरे. यादीचे रकाने मराठी विषयाच्या ओळीत एखाद-दोन घरं सरकतात, तेवढं चालवून घ्या. आणि २००५-०८ च्या सुमाराचे काही मेल शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप केलेले असतील. ते मुळात युनिकोड नाहीत, कुठलाही मेलप्रोग्रॅम ते वाचून दाखवणार नाही. हवे असतील तेवढे कन्व्हर्टरमधून काढा. ग्रेप आज्ञेने मराठी शब्द शोधणारे निराश होतात, कारण मराठी मजकूर पत्रात बहुधा बेस-६४ करून ठेवलेला असतो. शोध आयमॅपमार्फत करा. डोव्हकॉट आधी उलगडतो, मग शोधतो.

बदलाचा दिवस. शुक्रवारपर्यंत होम फोल्डर आणि मेलचं स्पूल (आलेल्या मेलच्या फाइलींचा फोल्डर) यांची संपूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर घ्या, टारला न्यूमेरिक-ओनर हा पर्याय देऊन. सेंटओएस ५ मध्ये वापरकर्त्यांचे क्रमांक ५०० पासून सुरू होतात, डेबियनमध्ये १००० पासून. नव्या प्रणालीवर माणसं तयार करताना जुनेच क्रमांक द्या, नाहीतर एकाची पत्रं दुसऱ्याच्या नावावर जातील. डोव्हकॉट मुळात ५०० च्या खालचे क्रमांक नाकारतो, तुमचे त्यात अडकत नाहीत. जुने पासवर्ड चालतील, तरी पहिल्या लॉगिनला बदलायला लावा, त्यांची साठवण जुन्या पद्धतीची आहे.

शनिवारी संध्याकाळी सेंडमेल बंद करा. त्या काळात येणारा मेल हरवत नाही. पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, पोस्टफिक्ससारखे तर पाच दिवसांपर्यंत. बंद केल्यानंतर स्पूलची शेवटची प्रत घ्या, मगच डिस्क पुसा.

एमबॉक्सचं मेलडिर करायला डोव्हकॉटसोबतच्या डोव्हएडमची बॅकअप आज्ञा वापरा, इनबॉक्स आणि घरातल्या मेल फोल्डरमधले बाकीचे फोल्डर दोन्ही ती उचलते. इथे दिशेचं भान ठेवा. ही आज्ञा एक बाजू दुसरीसारखी हुबेहूब करते, म्हणजे जास्तीचं पुसते. कॅपिटल आर हा उलट दिशेचा पर्याय विसरलात तर रिकाम्या मेलडिरप्रमाणे भरलेली एमबॉक्स रिकामी होईल. म्हणून मूळ प्रतीवर कधीच चालवू नका, प्रतीच्या प्रतीवर चालवा. आधी तीन पेट्या करून बघा: एक छोटी, एक मराठी मेलांची आणि ती ९०० एमबीची. पत्रांची संख्या जुन्या पाइनमधल्या संख्येशी ताडा. मग बाकीच्या बेचाळीस रात्री एकामागून एक लावून द्या. एकदम चार लावल्यात तर डिस्क तशीच चाळणीला लागेल.

प्रॉकमेलचे नियम लिहिलेले दोघे-तिघे निघतील. नियमाच्या पहिल्या ओळीत शून्यानंतर जो दुसरा, विसर्गाच्या टिंबांसारखा अपूर्णविराम असतो तो कुलपासाठी होता, मेलडिरला नको; आणि फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ हवी. पण पोचवणारा आता डोव्हकॉट असल्याने ते नियम सिव्हमध्येच लिहून द्या, चार-पाच ओळींचंच काम असतं.

सोमवारी एक प्रश्न नक्की येईल. रूपांतर वेगळ्या साधनाने केलेल्या एखाद्या फोल्डरमध्ये वर 'डोन्ट डिलीट धिस मेसेज, फोल्डर इंटर्नल डेटा' असं इंग्रजीत बजावणारं एक पत्र दिसेल आणि लोक घाबरून फोन करतील. ते पाइनच्या लायब्ररीने एमबॉक्समध्ये स्वतःच्या हिशेबासाठी ठेवलेलं खोटं पत्र आहे. मेलडिरमध्ये त्याचा उपयोग नाही. खुशाल पुसा म्हणून सांगा.